बंडू जेवला का?

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखं असतं ते. "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून एकेक पिशवी ओट्याखाली कोंबायची, आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या अंगावर! आमच्या कंपनीच्या बसचं तसंच आहे. आकुर्डीहून चाकणला जायला तासभर, यायला दीड तास, आणि मोशीला ट्रॅफिक लागलं तर विचारूच नका. एवढ्या वेळात माणसं करणार काय? सकाळी जाताना झोपतात आणि परत येताना एकमेकांचं डोकं खातात.

मी शोभा. बसमध्ये सगळ्यांची शोभाताई. गाडीच्या पोटात वायरींचा जो जुडगा असतो ना, तो बांधणारी आमची कंपनी. केस काळे होते तेव्हापासून मी तेच करतेय. नवरा आकुर्डीतच दुचाकीच्या कारखान्यात होता. तो गेला. मुलगा ऋषी आयटीत, वाकडला मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहायचा. वाकड ते आकुर्डी असं किती लांब आहे हो? पण तो रविवारी फोन करायचा. म्हणजे घरात मी आणि टीव्ही, आणि दोघांत जास्त बोलणारा टीव्ही.

गेले काही महिने मात्र बसमध्ये एकच विषय चालू होता, माझा साप. पाळलेला. थांबा, हसू नका, सांगते.

*

ऋषी एकदा चक्क मंगळवारी घरी आला. मंगळवारी! मला वाटलं, नोकरी गेली की लग्न ठरलं? हातात मोठा प्लॅस्टिकचा डबा, वर भोकं पाडलेली. मी म्हटलं, "काय आणलंस रे?"

"आई, आधी बस."

वाकडच्या त्याच्या एका मित्राने हौसेनं साप आणला होता. बॉल पायथन म्हणतात, आफ्रिकेकडचा छोटा अजगर, बिनविषारी. आपले इथले साप घरात ठेवायला बंदी आहे, हा परदेशी, कागदपत्रं करून घेतलेला. मित्राची हौस महिन्यात फिटली. साप पडला कोपऱ्यात. ऋषीला दया आली, त्याने आपल्या नावावर करून घेतला. आणि लगेच कंपनीने ऋषीला पाठवलं पोलंडला!

"फक्त दोन-तीन महिने, आई. तू एकटीच तर असतेस."

एकटी असते म्हणून साप! बाकी कोणाची पोरं आईला नातवंडं देऊन जातात.

डब्यात डोकावले. माझ्या हाताएवढा लांब, चॉकलेटी अंगावर पिवळे डाग, आणि इतका वाळलेला की पाठीचा कणा घराच्या आढ्यासारखा वर आलेला. कातडी सैल, दोन्ही बाजूंनी घड्या. नाकाशी फेस. कात टाकायला जमलं नव्हतं, तिचे तुकडे अंगाला चिकटून राहिलेले. आजारी माणूस अंथरुणात दिसतो तसाच दिसत होता अगदी.

मी विचारलं, "चावतो का रे?"

ऋषी म्हणाला, "आई, चावायची ताकद असती तर तुझ्याकडे आणलाच नसता."

*

सकाळच्या बसमध्ये सांगितलं, सगळ्यांची झोप उडाली आणि पहिला प्रश्न आला गायकवाड भाऊंकडून. गायकवाड भाऊ फायनल इन्स्पेक्शनला. माल कंपनीच्या बाहेर जाण्याआधी शेवटचं बघणारा माणूस. तोंड कायम कडू, आमच्यातल्या एकीलाही त्यांनी कधी "चांगलं काम झालंय" म्हटलेलं नाही.

"नाव काय त्याचं?"

"ऋषी सीझर म्हणतो. मी बंडू म्हणते."

"बंडू बरं आहे," गायकवाड भाऊ म्हणाले. ही त्यांनी मला दिलेली पहिली शाबासकी!

कुरुळीच्या फाट्यावर मंगल चढते. तिथलीच, चार पिढ्यांची. ती चढेपर्यंत निम्मी गोष्ट होऊन गेलेली असते, म्हणून ती नेहमी मधूनच सुरू करते. "साप? घरात? अजगर म्हंजी बकरं गिळतंय का वो ताई?"

"अगं, उंदराचं पिल्लू गिळत नाहीये, बकरं कुठलं!"

दुसऱ्या दिवशी तिने बाटली भरून म्हशीचं दूध आणलं. मी समजावलं की बाई, साप दूध पीत नाही, त्याला पचत नाही, उलट मरेल. मंगलला पटलं नाही. "आमी तर दर पंचमीला वाहतो. न्हाई पीत म्हन्ता?" मग बाटलीकडे बघून म्हणाली, "मंग आता ह्याचा च्याच करूया." त्या दिवशी कॅन्टीनमध्ये आम्ही सगळे बंडूच्या नावानं चहा प्यायलो. फार छान झाला होता.

*

डॉक्टर मॅडम पिंपरीत बसतात. पोपट, कासव, ससे, असलंच बघतात. वय माझ्या ऋषीएवढं. मी बंडूला पिशवीत घालून, पिशवी डब्यात, डबा मांडीवर, अशी रिक्षाने गेले. रिक्षावाल्याला काही सांगितलं नाही. त्याने विचारलं, "डब्यात काय, काकू?" मी म्हटलं, "माझ्या मुलाचं आहे."

मॅडमनी तपासलं. छातीत कफ, तोंड आलेलं, अंगावर बारीक काळे किडे, आणि वजन असायला हवं त्याच्या निम्मं. इंजेक्शन दिलं. मग खाली विजेवर तापणारी हीट मॅट, कोमट पाण्यात बसवणं, ओलसर फडकं, लपायला अंधारी जागा, असं सगळं नीट समजावलं. मी मान डोलवत होते. शेवटी म्हणाल्या, "आणि काकू, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला एकटं सोडायचं. हात लावायचा नाही. सारखं सारखं जाऊन बघायचं नाही. हा प्राणी एकटाच राहतो, त्याला सोबत नको असते. कोणी बघतंय म्हटलं की तो खात नाही."

मी म्हटलं, "अहो मॅडम, मग घरात मी बघू कोणाकडे?"

त्या हसल्या. मीही हसले. पण विनोद केला नव्हता मी.

*

आता फ्रीजरची गोष्ट ऐका.

ऋषीने जाता जाता ऑनलाइन गोठवलेले उंदीर मागवून ठेवले होते. छोटे छोटे, पांढरे, प्रत्येक वेगळ्या पाकिटात. मी ते मटारच्या मागे ठेवले. माझ्या घराची एक किल्ली समोरच्या रुबिनाभाभींकडे असते. त्यांच्या मिस्टरांचं गॅरेज आहे. आमचं असंच चालतं, तिला काही लागलं तर माझ्याकडून घेते, मला लागलं तर मी घेते. साप आल्याचं मात्र मी तिला सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांना घाबरवायचं कशाला?

एक दिवस तिच्याकडे पाहुणे आले. बर्फ हवा होता. मी कामावर. तिने किल्ली लावली, फ्रीजर उघडला...

मला फोन नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती झाकलेलं पातेलं घेऊन दारात. डोळे खाली. म्हणाली, "दीदी, बुरा मत मानो. ऋषी बाहेर गेलाय, तुमचं कसं चाललंय मला माहीत नाही. पण मटण आमच्याकडे बनतंच. तुम्ही... ते... नका खाऊ."

पातेल्यात कोफ्ते होते.

मी तिला हाताला धरून आत नेलं आणि बंडू दाखवला. ओढणी तोंडावर धरून ती बराच वेळ बघत राहिली. मग सुटल्यासारखी म्हणाली, "अच्छा, हा खातो! मग ठीक आहे!"

घरात साप आहे हे कळल्यावर इतकी खूश झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

*

पण बंडू खात नव्हता, हेच तर सगळं दुखणं. उंदीर गरम पाण्यात ठेवून मऊ करायचा, पुसायचा, ड्रायरने कोमट करायचा, चिमट्याने पुढे धरायचा. तो जीभ बाहेर काढायचा, वास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. मी म्हणायचे, "खा रे राजा, एक घास." अजगराला घास!

आणि रोज परतीच्या बसमध्ये एकच प्रश्न. चढल्या चढल्या ड्रायव्हर सलीमभाई आरशातून विचारायचे, "बंडू जेवला का?" मागून कोणीतरी, पुढून कोणीतरी. पूर्वी मी काय जेवले हेसुद्धा कोणी विचारत नव्हतं.

मॅडमनी वजन करत जा सांगितलं होतं. मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला, वर आइस्क्रीमचा रिकामा डबा, त्यात बंडू. पहिल्या आठवड्यात खाणं नाही, तरी आकडा थोडा वाढला! पुढच्या खेपेला अजून थोडा! मी बसमध्ये सांगितलं. टाळ्या! मंगल म्हणाली, "हवा खाऊन जगतंय बघा." सलीमभाईंनी त्या आनंदात एका टेम्पोला पुढे जाऊ दिलं, जे आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

फक्त गायकवाड भाऊंनी टाळी वाजवली नाही. ते म्हणाले, "शोभाताई, काटा तपासलाय?"

झालं! घरी जाऊन मी साखरेचं न फोडलेलं पाकीट काट्यावर ठेवलं. काटा भलतंच दाखवत होता, छापलेल्यापेक्षा कितीतरी जास्त. सेल उतरले होते. नवे सेल घातले, पुन्हा बंडूला ठेवलं. वाढलं तर नव्हतंच, होतं त्यातूनही उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये सांगितलं. थोड्या वेळाने गायकवाड भाऊ त्यांची जागा सोडून माझ्या शेजारी येऊन बसले. "चुकलं माझं. विचारायला नको होतं."

"बरोबरच विचारलंत की तुम्ही."

"हो, बरोबरच होतं," ते म्हणाले, आणि मोशी येईपर्यंत तिथेच बसून राहिले.

*

आमच्याकडे काही बिघडलं की व्हाय-व्हाय करतात. म्हणजे "का?" असं पाच वेळा विचारायचं. पाचव्या "का"ला खरं कारण सापडतं, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. वायर तुटली, का? चिमटा जास्त दाबला, का? असं करत करत शेवटी कोणातरी गरिबाचं नाव निघतं.

एकदा चाकणच्या चौकात बस अडकली. पुढे कंटेनर आडवा झालेला. कोणीतरी म्हणालं, चला, बंडूचं व्हाय-व्हाय करू.

साप खात नाही. का? ताणाखाली आहे. हे डॉक्टर मॅडमचंच म्हणणं.

ताणाखाली का? सारखं कोणीतरी बघतंय.

कोण बघतंय? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, हो, बघते! कामावर निघायच्या आधी बघते, आल्यावर बघते, चहा पिताना बघते. मॅडमनी नको सांगितलंय तरी बघते.

"पण ताई, का बघता?" मागच्या सीटवरून एका नव्या पोरीने विचारलं. खेळ चालला होता ना.

"घरात दुसरं कोणी नाही म्हणून," मी म्हणाले. आवाज हसराच होता माझा.

चार प्रश्न झाले होते. पाचवा "का" कोणी विचारला नाही. नव्या पोरीने विचारायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मंगल ओरडली, "गप बसा की आता! लई श्याने झालात!" आणि डब्यातली उरलेली चटणी-भाकरी तिने माझ्या हातात कोंबली. मला भूक नव्हती, पण खाल्ली.

*

ऋषीचं सांगायचं राहिलं. तो पोलंडला गेला आणि त्याचे फोन रोज सुरू झाले. रोज! संध्याकाळी मी कुकर लावला की व्हिडिओ कॉल. मी केस नीट करून बसायचे.

"आई, कॅमेरा फिरव."

मी कॅमेरा बंडूकडे फिरवायची. मग तो बंडूला बघायचा आणि मी फोनची मागची बाजू बघायची. पाठ दाखव, तोंड दाखव, पाणी बदललंस का, मॅट किती गरम आहे. मी नवा चष्मा केला होता. महिना होऊन गेला तरी त्याला ते ठाऊक नव्हतं. पण आवाज ऐकू यायचा ना रोज! मला तेवढं पुष्कळ होतं. खोटं कशाला बोलू, मी दिवसभर त्या फोनची वाट बघायचे.

एकदा मला सणकून सर्दी झाली. छाती भरलेली. तरी फोन धरून बसले. ऋषी एकदम घाबरा झाला. "आई, आई, थांब, बोलू नकोस. घरघर ऐकू येतेय. त्याच्या छातीत परत कफ झालाय! उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे ने!"

मी म्हटलं, "अरे, तो नाही. मी आहे."

"हुश्श! घाबरलो ना मी!"

मग त्याचं त्यालाच कळलं असावं. "आई... तू औषध घेतलंस का?"

"घेतलं."

वाईट नाहीये हो पोरगा. एका वेळी एकच काळजी करता येते त्याला, बापासारखी. त्याच दिवशी म्हणाला, आणि हे मी बसमध्येही हसत हसत सांगितलं, "एकदा त्याने खाल्लं ना आई, की सुटलो बघ. मग आपला रविवारचा फोन पुरे. तुझ्यामागे रोजची कटकट नको माझी."

"हो ना," मी म्हणाले, "कटकटच आहे."

*

गुरुवारी आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी आणि तोच दिवस बघून लाइट दुरुस्तीला काढतात. अशाच एका गुरुवारी सकाळीच लाइट गेली. दिवस थंडीचे. हीट मॅट बंद. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, कफाचा पेशंट आहे, गारठला तर अवघड आहे, कसंही करून ऊब द्या.

मी शेकायची पिशवी काढली, बाटल्या काढल्या, पाणी तापवायला ठेवलं. एकटीने कसं पुरं पडणार? एक बाटली भरेपर्यंत दुसरी गार. शेवटी रुबिनाभाभींचं दार वाजवलं. ती आली, बरोबर मोठं पातेलं आणि घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन. सापाजवळ जायला तयार नाही, पण गॅसपाशी उभी राहून पाणी भरून द्यायची. मी टॉवेलात गुंडाळून डब्याच्या कडेने लावायची. मध्ये चहा, मध्ये पोहे. तिच्या माहेरचं, माझ्या सासूचं, कोण कोणाशी पळून गेलं, सगळं निघालं. माझा नवरा गेला त्याचे दिवस झाले तेव्हापासून माझ्या घरात असं दिवसभर कोणी बसलं नव्हतं.

दिवेलागणीला लाइट आली. पंखा फिरला, फ्रीज घुरघुरला, टीव्ही आपोआप सुरू झाला.

"आली एकदाची!" रुबिनाभाभी म्हणाली आणि पातेलं उचलून निघाली.

मी मात्र त्या लाइटवाल्यांवर चिडले होते. अजून तासभर लावला असता तर काय बिघडणार होतं?

*

त्यानंतर मॅडमनी निक्षून सांगितलं. अजून थोडे दिवस वाट बघू, नाहीतर नळीने पोटात भरवावं लागेल, आणि "तेवढं सोसायची ताकद त्याच्यात आहे का, मला खात्री नाही, काकू."

त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही. साप होता हो, मान्य आहे. पण माझ्या घरात आणखी कोणी जायला नको होतं.

मग मी सगळं मॅडमनी सांगितलं तसं केलं. फुटकी कुंडी उपडी घातली, बंडू आत जाऊन वेटोळं करून बसला. कामावरून आले की उंदीर कोमट करून कुंडीच्या तोंडाशी ठेवायचा, डब्यावर जाडी चादर टाकायची आणि घराबाहेर पडायचं. घरात राहिले असते तर चादर उचललीच असती, मला माझी खात्री होती. जायचं कुठे? खाली सोसायटीच्या कट्ट्यावर बसायचे. येणारे-जाणारे विचारायचे, "किल्ली विसरलात का काकू?" मी हो म्हणायचे.

दोनदा तसाच उंदीर फेकून द्यावा लागला. तिसऱ्यांदा वर आले, चादर उचलली. उंदीर नव्हता. आधी वाटलं, कुठे पडला की काय? कागदाखाली बघितलं, पाण्याच्या भांड्यात बघितलं. मग कुंडीत बॅटरी मारली. बंडूच्या बारक्या अंगात मधोमध हा एवढा फुगवटा!

मी ओरडलेच, "खाल्लं रे खाल्लं!" पण ऐकायला घरात कोण होतं? रुबिनाभाभींचं दार वाजवलं, कुलूप. खाली गेले, कट्ट्यावर कोणी नाही. तशीच चौकात गेले आणि अर्धा किलो पेढे घेतले. ऋषीचा त्या संध्याकाळी फोन आलाच नाही. मेसेज होता, मीटिंग आहे, उद्या करतो.

आमच्या बसचा रिवाज आहे. कोणाकडे काही चांगलं झालं की परतीला पेढे. पोरगा पास झाला, नवी गाडी घेतली, परमनंट झालो, पेढे! माझ्याकडून किती वर्षांत निघाले नव्हते. दुसऱ्या दिवशी बस चाकणहून सुटली आणि मी उभी राहिले, डबा उघडला. "बंडू जेवला!"

काय कालवा झाला हो! मंगलने मला मिठीच मारली. सलीमभाईंनी बस चालवता चालवता तोंड उघडलं, पेढा भरवायला लागला. नव्या पोरीने फोटो मागितला. गायकवाड भाऊंनी विचारलं, "नक्की?" मी मोबाइलवर फुगवट्याचा फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला आणि म्हणाले, "ओके आहे." मग त्यांनीही पेढा घेतला.

आणि माझा फोन वाजला. ऋषी. बसमध्ये गोंगाट, म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"आई, काल जमलं नाही गं. काय म्हणतोय? खाल्लं का त्याने?"

सगळी बस गप्प. सगळ्यांच्या तोंडात पेढे, सगळे माझ्याकडे बघून हसतायत, मी सांगायची वाट बघतायत.

मी म्हणाले, "नाही रे. अजून नाही."

 मंगलचा हात माझ्या खांद्यावर होता, तो तिथेच राहिला.

"अजून नाही?" पलीकडून ऋषी म्हणाला. "आई, नीट बघितलंस का तू? तुझी काही चूक होत असेल. आणखी कोणी आहे का तिथे बघणारं?"

 तेवढ्यात गायकवाड भाऊ उठले. माझ्या हातातून त्यांनी फोन घेतला, तोंडातला पेढा गिळला आणि घसा साफ केला.

"नमस्कार. मी गायकवाड, फायनल इन्स्पेक्शन. तुमच्या आई बरोबर सांगतायत. मी स्वतः चेक केलंय, खाल्लेलं नाही. घाबरायचं कारण नाही. फक्त तुम्ही रोज फोन करून विचारत जा."

फोन बंद करून त्यांनी माझ्या हातात दिला, आणि डब्यातला दुसरा पेढा उचलून आपल्या जागेवर जाऊन बसले.